बांधीतलं टेनिस

मित्रांनो, अंगाने बोजड पण स्वभावाने भलता चौकस असा मी एक जुना दगडी रूळ. कामठ्याजवळ एका पाथरवटाने मला घडवलं आणि बरीच वर्षं मी सडकेची खडी दाबली. १९५५ साली मला गोंदियाच्या एका क्लबात आणलं. आता म्हणे गवत दाबायचं! गवत कशाला दाबतात? मला राहवेना.

मला ओढायचा चैतराम. हा केशोरी गावचा, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या घरातला. टेनिस त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण थंडीत मोठमोठे पुरुष खेळाडू इथे गवतावर सामने खेळायला येणार होते. खेळणं हाच त्यांचा पोटाचा धंदा, हे ऐकून तर मी चाटच पडलो. क्लबाचे चिटणीस चुन्नीलालजींनी चैतरामला बजावलं होतं, "मैदान जमलं तर माळ्याची नोकरी पक्की, नाही तर वापस गाव."

चैतरामने जीव ओतला. चेंडू नीट उसळावा म्हणून मला फिरवून जमीन एकसारखी केली, गवत हिरवंगार राखलं. फक्त सवयीने चारी बाजूंनी वीतभर उंच धुरा, म्हणजे मातीचा बांध घातला, धानाच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला घालतात तसा. आणि पाहुणे यायच्या दोन दिवस आधी सगळं मैदान पाण्याने भरून टाकलं! दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मी तळ्याकाठी.

"अरे भाई, टेनिस खेलना है की धानाची रोवणी करायची हाय?" चुन्नीलालजी कडाडले. "उद्या तीन बजे सामना हाय!"

"पान्याबिगर गवत मरल ना जी," चैतराम पुटपुटला.

ते गेल्यावर त्याची बायको धुरपताबाई कुदळ घेऊन आली. "पाहून काऊन राहिले? फोडा धुरा."

"आमच्या घरात तलावाची पाळ बांधतेत. फोडत नाही."

"मंग बसा धरून!" म्हणत तिनेच पहिला घाव घातला. दुसरा त्याने घातला. त्याचे डोळे भरले होते. मलाही फार वाईट वाटलं.

पाणी गेलं, ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांनी मला अनवाणी ओढलं. जमीन टणक लागली, पण एका कोपऱ्यात मी किंचित रुतलो.

"खेळाडूंना सांगू नको," चुन्नीलालजींनी चैतरामला दटावलं.

तीन वाजले. गर्दी जमली. पांढऱ्या कपड्यातला एक उंच खेळाडू मैदानात उतरला आणि चैतराम थेट त्याच्यासमोर गेला.

"साहेब, त्या कोपऱ्यात ओल हाय. पाय मुरगळल तुमचा. गलती माही हाय."

चुन्नीलालजींनी कपाळावर हात मारला. गेली नोकरी, असंच मलाही वाटलं. खेळाडू वाकला, अंगठ्याने माती दाबली. "एक घंटा रुकेंगे," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आपका नाम?"

तासाभराने भोंग्यावरून दोन खेळाडूंची नावं पुकारली गेली आणि त्यांच्यामागून तिसरं आलं, "मैदान बनानेवाले, चैतराम, केशोरी." धुरपताबाईने पदर तोंडाशी धरला. चुन्नीलालजीही टाळ्या वाजवू लागले. चैतरामची नोकरी पक्की झाली.

पुढे पाच वर्षांनी इथे गवताच्या जागी सिमेंट आलं. चैतराम गावी परतला आणि मी कुंपणाशी पडलो. कोणी माझ्यावर बसतं, कोणी पान थुंकतं. थुंकू नका, एवढं ऐका. आणि मित्रांनो, एखादं सुरेख मैदान दिसलं, तर खेळायला धावण्याआधी ते राखणाऱ्याला त्याचं नाव विचारा.