माझं कसं आहे?

मुलाला स्वतःची किडनी दिल्यापासून आई त्याला "कसा आहेस" असं विचारतच नसे. त्याच्या ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, टाक्यांच्या वणावर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "माझं कसं आहे?"

सुरुवातीला घरात सगळे हसायचे. तोही म्हणायचा, "तुझं झकास आहे. भाडं वाढवू नकोस म्हणजे झालं."

भाडं वाढत गेलं. बायकोबरोबर तो फिरायला निघाला की आई दारातून ओरडायची, "सूनबाई, माझ्या किडनीला फार दमवू नकोस गं!" त्याने ताटात मीठ मागितलं की म्हणायची, "माझी आहे ती. जपून."

त्यांचं दुकान गाद्या-सोफ्यांचं. जुनं उसवायचं, नव्याने भरायचं. धुळीत जाऊ नकोस, गेलास तर मास्क लाव, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण आई गल्ल्यावर बसायची.

"तोंडाला फडकं बांधलंस तर गिऱ्हाईक म्हणेल, इथे रोगराई आहे. काढ ते."

त्याने काढलं. समोर कुणाच्या तरी तळघरात भिजून कुजलेला सोफा होता. पात्याने कापड फाडलं, तशी आतली काळी-हिरवी भुकटी भस्सकन तोंडावर आली. तो खोकत बसला.

"नाटकी आहे लहानपणापासून," आई गिऱ्हाइकाला म्हणाली.

पुढे ताप आला तो हटेना. प्रतिजैविकं झाली, बदलून झाली. शेवटी छातीचा स्कॅन काढला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही गाठ. आणि भोवती हे धुरकट खळं, चंद्राला पडतं तसं." मग नळी घालून फुप्फुस आतून धुतलं, ते पाणी तपासलं. बुरशी निघाली.

"बुरशी पावाला लागते हो!" आई हसली. मग सुनेकडे वळली. "शिळंपाकं घालत असशील."

"खाण्यातून नाही, श्वासातून गेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनी परकी आहे हे शरीराला कळू नये म्हणून आपण गोळ्या देऊन त्याच्या राखणदाराला झोपवलंय. तो झोपला, बुरशी आत शिरली. आता बुरशीवरचं औषध शिरेतून चालू करते. पण राखणदाराला थोडं जागंही करायला हवं, म्हणून त्या गोळ्या कमी करायच्या. शिवाय या औषधाने त्या गोळ्यांचा जोर कितीतरी पटीने चढतो. मी देईन तेवढीच. एक जास्त नको."

"आणि माझी किडनी?"

"जाईलही कदाचित. मग डायलिसिस आहे. फुप्फुसाला तशी सोय नाही."

"परकी," आई पुटपुटली. एवढ्या बोलण्यातला तेवढाच शब्द तिच्या कानात राहिला होता.

त्यानंतर ती रोज दुपारी इस्पितळात यायची. सुनेला म्हणायची, "जा, दोन घास खाऊन ये. मी आहे." सून गेली की पदराच्या गाठीतून घरच्या डबीतल्या त्याच गोळ्या काढायची.

"तोंड उघड, राजा."

राजा तोंड उघडायचा. आईच्या हातून पडलेलं लेकराला कधी बाधतं का हो? देवाने तो हात घडवताना तसं काही ठरवलं नसेल. पण बाधत होतं.

डॉक्टरीणबाई चक्रावल्या. गोळ्या कमी केल्या, मग बंदच केल्या, तरी रक्तातलं त्यांचं प्रमाण चढतंच होतं. बुरशीचं औषध चालू असूनही स्कॅनमधलं खळं पसरत गेलं. थुंकीत रक्त दिसू लागलं. त्या सुनेला म्हणाल्या, "याला कुणीतरी बाहेरून गोळ्या देतंय."

सुनेने त्याला विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आई देते."

"आणि तू घेतोस? माहीत असून?"

"डॉक्टर किडनीला परकी म्हणाल्या तेव्हा तिचं तोंड पाहिलं होतंस? नाही कसं म्हणू? तिने दिलेलं तिच्या तोंडावर परत फेकल्यासारखं होईल."

"आणि मला काय देऊन चाललास?"

त्याला खोकला आला.

सुनेने डबी हिसकावून घेतली, सासूला खोलीबाहेर बसवलं. उशीर झाला होता. दुसऱ्याच सकाळी बुरशीने आतली मोठी रक्तवाहिनी पोखरली. उशी, चादर, परिचारिकेचे हातमोजे, सगळं लाल झालं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाकावर जपमाळ ओढत बसलेली आई उठली. सवयीने तळहात पुढे झाला.

"माझं कसं आहे?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"उत्तम आहे. शेवटपर्यंत छान चालली तुमची किडनी."

आईचा चेहरा उजळला. तिने जपमाळ कपाळाला लावली, डोळे मिटून देवाला हात जोडले.

सून भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. 'शेवटपर्यंत' हा शब्द सासूपर्यंत पोचायची ती वाट पाहत होती.