खालचा तागा

मिल बंद पडून बारा वर्षं झाली, तरी आनंदरावांची नजर काही रिटायर झाली नव्हती. फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे ते. आता लग्नाला गेले तरी नवरदेवाच्या कोटाची शिवण बघत बसायचे. कांताबाई वैतागायच्या, "अहो, चुपचाप जेवा. लोक इथे आशीर्वाद द्यायला येतात, खोट काढायला नाही!"

त्यांची मुलगी मानसी विजय नगरच्या एका लहानशा कंपनीत सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होती. पक्कं व्हायचं तर रक्त तपासणाऱ्या एका लॅबची वेबसाइट सोमवारी सुरू व्हायला हवी होती. पेशंटने घरबसल्या पासवर्ड टाकायचा आणि आपला रिपोर्ट बघायचा, असं ते काम. शनिवारी दुपारी सुदामा नगरच्या घरात ती कॉम्प्युटरपुढे बसली होती. ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं.

"हे काय गं, टीव्ही बिघडल्यासारखं?"

"पप्पा, इथे हुकूम टाइप करायचा. एका हुकमात ॲप्लिकेशनचा सांगाडा उभा, दुसऱ्यात डेटाबेस. आणि आता हा तिसरा बघा." तिने एन्टर दाबलं. पडद्यावर टिंबांची रांग सरसर उमटली. "या माझ्या चाळीस टेस्ट. चुकीचा पासवर्ड, रिकामा पासवर्ड, सगळं मशीन आपलं आपण तपासतं. चाळीसच्या चाळीस पास! आता तुम्ही पेशंट व्हा."

लॅबने वापरून बघायला दोनशे खरे रिपोर्ट दिले होते. आनंदरावांचाही गेल्या महिन्याचा रिपोर्ट त्यात होता. त्यांनी पासवर्ड टाकला, रिपोर्ट उघडला, सगळं नीटनेटकं. पण चेकरचा जीव तो! मागावर विणणारा साचेवाला कौतुकाने कापडाचा जो तागा पुढे करतो तो बघायचाच नाही, त्याच्या खालचा ओढायचा, ही त्यांची तीस वर्षांची रीत. वरच्या पट्टीत वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी ११८ हा आकडा होता. त्यांनी तो खोडून ११९ केला.

शेजारच्या वासुदेवरावांचं हिमोग्लोबिन समोर हजर!

आनंदरावांचा चेहरा उतरला. मिलमध्ये त्यांनी खोटीवर खूण केली की साचेवाल्याची मजुरी कापली जायची, म्हणून त्यांनी ढिगाने शिव्या खाल्ल्या होत्या. पण ती परकी माणसं होती. इथे खोट पोटच्या पोरीच्या कामात, आणि तिची नोकरी टांगणीला. गप्प बसावं असं त्यांना खरंच वाटलं. मग वासुदेवरावांचा विचार आला, आणि राहवेना.

"बेटा, जरा इकडे ये."

मानसी आधी भडकलीच. "नंबर कशाला बदललात? असं कोणी करतं का?"

"मी केलं ना."

ती मटकन खाली बसली. "आत कोण येतंय तेवढंच तपासलं मी, पप्पा. आत आल्यावर तो कुठे हात घालतो, ते बघितलंच नाही. आता दोन दिवस तरी जातील."

रविवारी सकाळी कंपनीचे मालक उदयसिंह पोहे-जलेबी घेऊन घरीच आले. माणूस दिलदार, पण सदा घोड्यावर स्वार. मानसीचं सगळं ऐकून हसले. "अरे बेटा, पब्लिक को कौन सिखाएगा नंबर बदलना? कल चालू कर. नहीं तो मुझे दूसरा आदमी देखना पड़ेगा."

मानसीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. आनंदराव उठले.

"साहब, आप भी खून वहीं जँचवाते हो क्या?"

"हओ, पिछले महीने ही."

आनंदराव कॉम्प्युटरपुढे बसले आणि एकेक आकडा पुढे सरकवत गेले. १३१ला थांबले, खुर्ची सोडली आणि पडदा उदयसिंहांकडे वळवला. तोंडाने मात्र एक अक्षर वाचलं नाही.

उदयसिंहांनी वाचलं. हातातली जलेबी बशीत परत गेली.

"ये सबको दिखता है?"

"जो नंबर बदले, उसको."

"घर पे तो मैंने बताया ही नहीं," ते पुटपुटले. मग घसा साफ करून म्हणाले, "लॅबवाले को मैं देख लेता हूँ. तू तीन दिन ले, बेटा."

कांताबाईंनी जलेबीची बशी हळूच उचलली आणि त्यांना बिनसाखरेचा चहा दिला.

मानसीने आधी टेस्ट लिहिली: एका पेशंटने दुसऱ्याचा रिपोर्ट मागितला, तर मिळता कामा नये. चालवली, लाल झाली, म्हणजे नापास. मग खोट दुरुस्त करत गेली, आणि बुधवारी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस टेस्ट पास झाल्या. आनंदरावांनी ११९ टाकलं: परवानगी नाही. १३१: परवानगी नाही. ११८ टाकलं, तर त्यांचा स्वतःचा रिपोर्ट उघडला.

गुरुवारी साइट सुरू झाली, शुक्रवारी नोकरी पक्की झाली. पत्र आईच्या हातात देऊन मानसी आनंदरावांपाशी आली.

"पप्पा, पुढचं काम आलंय. त्यातही खोट काढाल ना?"

तीस वर्षांत हे त्यांना कोणी आपणहून विचारलं नव्हतं. आनंदरावांना फार बरं वाटलं.

"आत्ताच दाखव," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.