खाऱ्या पाण्याची घागर

गोदाच्या कोपराच्या वळणात पहिला लाल ठिपका उठला तेव्हा घरात कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बाळकुमच्या मिठागरांवर राबणाऱ्या घरात प्रत्येकाच्या अंगाला काही ना काही झालेलं असायचंच. कुणाच्या टाचा फुटलेल्या, कुणाच्या बोटांच्या बेचक्या सोललेल्या. दोन वर्षांच्या पोरीला दोन ठिपके आले म्हणून काय आगर बंद ठेवायचं? "उष्णता झाली असंल," रंगूबाई म्हणाली. रंगूबाई म्हणजे गोदाची आजी, गोदाच्या आईची, सगुणाची सासू. तिनं एकदा काही म्हटलं की त्या घरात तो विषय मिटलेला असे.

हा विषय मात्र मिटेना. पौषात उठलेलं पुरळ माघ अर्धा सरेतो कोपरातून काखेत गेलं, काखेतून मानेवर, मानेवरून गुडघ्यांच्या मागं. पोर रात्रंदिवस ओरबाडायची. सगुणानं तिच्या मुठींना फडकी बांधली, तर ती हनुवटी खांद्यावर घासू लागली. कडुनिंबाचा पाला झाला, चुलीतली राख झाली. खोबरेल लावलं की चार घटका निजायची आणि पुन्हा तेच.

शेवटी रंगूबाईनं स्वतःचं औषध काढलं. "खाऱ्या पान्यानं धू तिला. रोज. एक दिवस चुकवायचा नाय."

खारं पाणी म्हणजे खाडीचं साधं पाणी नव्हे. आगरात पाणी एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत उन्हानं आटवत नेतात, आणि शेवटच्या खणात मीठ धरायच्या आधी ते तेलासारखं जड होतं. त्या पाण्याची घागर. मीठ मूठभर उचललं असतं तर जकातीच्या शिपायानं मनगट धरलं असतं, पण पाण्याला कोण विचारतो? सगुणा रोज संध्याकाळी कामावरून येताना डोक्यावर घागर घेऊन यायची. रंगूबाई पोरीच्या अंगावर ते पाणी ओतायची आणि सगुणा तिचे पाय धरून ठेवायची. गोदाचं रडणं तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाई.

"झोंबतंय म्हंजे आतली घान बाहेर पडतेय," रंगूबाई सांगायची.

सगुणा तोंड फिरवून भिंतीकडं बघायची. पण हात सैल सोडायची नाही ती. औषध होतं ना ते. आणि अविश्वास धरायचा तरी कशावर? ज्या मिठावर अख्खं गाव जगत होतं, ज्यानं मासळी टिकायची, ज्यानं पोराबाळांची दृष्ट उतरायची, ते मीठ एका एवढ्याशा पोरीच्या कातडीशी वैर कशाला धरील? असा विचार बाळकुमात कुणाच्या मनाला शिवलाही नसता. उतार पडत नाही म्हटल्यावर रंगूबाईनं एकीच्या दोन घागरी केल्या.

मग विहिरीवर तो शब्द निघाला. रगतपिती. महारोग. आधी कोण बोललं ते कधीच कळत नाही, अशा शब्दांना आईबाप नसतात. पण दुसऱ्या दिवसापासून बायांनी सगुणाला काठाला येऊ दिलं नाही. "तू बाजूला ऱ्हा, आमी ओततो तुझ्या हंड्यात," म्हणाल्या. वर, आपण केवढे उपकार करतोय असा चेहरा. जिथं तीन हंडे गोडं पाणी यायचं तिथं एक येऊ लागला. ते पिण्याला आणि भाताला पुरलं तर पुरलं. गोदाची झबली, तिची गोधडी, सगळं खाऱ्या पाण्यातूनच खळबळून निघू लागलं.

एके दिवशी आगराचा मुकादम महिपत दाराशी आला. माणूस भला, शब्दाला गोड. पण एरवी सरळ ओटीवर येऊन बसणारा माणूस त्या दिवशी अंगणातच उभा राहिला, आणि ते सगुणाला त्याच्या बोलण्याहून जास्त लागलं.

"राघो, लोक बोलायला लागलेत," तो म्हणाला. "होळीच्या आदल्या दिवशी आमी पाच जन येऊन पोरीला बघू. काय नसलं तर उत्तम. पन तसलं काय निघालं तर आगराला तुमचा हात लागायचा नाय. विहीर बी येगळी करावी लागंल."

राघो, सगुणाचा नवरा. खाडीचं पाणी अडवणारी, दोन माणसांनी उचलायची उघाडीची फळी एकटा उचलणारा गडी, पण त्या दिवशी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. आगर गेलं तर त्याला दुसरं काय येत होतं? आणि गावाबाहेर टाकलेल्या घरातल्या पोरीला पुढं दारात कोण उभं करणार होतं?

होळीला तीन आठवडे उरले होते. सगुणाला एक नवीनच खोड लागली. कुणाचं तरी बोलणं तिच्या कानावर आलं होतं की महारोगाच्या चट्ट्याला टोचलेलं कळत नाही. झालं. दिवसातून चारदा ती केरसुणीची काडी घेऊन गोदाच्या एकेका चट्ट्याला टोचून बघायची. पोर किंचाळली की सगुणाला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची शरम वाटायची. एकदा गोदा झोपेत होती म्हणून ओरडली नाही. सगुणानं पोरीला गदागदा हलवून उठवलं आणि पुन्हा टोचलं.

राघो म्हणाला, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावी. आगगाडी ठाण्याला येऊन वीस वर्षं होऊन गेली होती, दवाखानाही नवा राहिला नव्हता. पण रंगूबाईनं ते उडवून लावलं. "तिथं पोरीला ठेवून घेतली, तर गावाला काय सांगशील?"

मग सगुणानंच तोंड उघडलं. तिचं माहेर खडवलीला. तिथं नदीकाठी एक देवी आहे, पोराबाळांची राखण करते. तिला नवस बोलून आठ-दहा दिवस राहून येते, म्हणाली. रंगूबाईनं उठून स्वतः एक घागर खाऱ्या पाण्यानं भरली आणि तिच्या तोंडावर फडकं बांधून वर माती लिंपली.

"तिथं खारं पानी नाय. हे पुरवून वापर," ती म्हणाली. "एक दिवस चुकवू नको. मी चुकवलेला."

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. सगुणाला ठाऊक होतं. राघोच्या आधी रंगूबाईला एक मुलगी झाली होती, सोनी. अंगावर असंच उठलं, मग फोड पिकले, ताप चढला आणि तिसऱ्या वर्षी गेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

भरतीबरोबर मिठानं भरलेला पडाव खाडीतून कल्याणला निघाला. सगुणा एका हातानं गोदाला आणि एका हातानं घागरीला धरून बसली होती. वाटभर तिनं घागर सांभाळली, आणि कल्याणच्या बंदरात उतरताना नेमका पाय सटकला. पोरीला सावरायचं की घागरीला? घागर पडावाच्या कडेवर आदळली आणि सगळं पाणी चिखलात गेलं.

तिचा भाऊ गोविंदा बैलगाडी घेऊन आला होता. त्यानं दोनदा हाक मारली तरी ती खापऱ्यांकडे बघत उभी होती. "अगं, घागरच ना? दुसरी देतो," तो म्हणाला. त्याला काय सांगणार?

घरात पाऊल टाकताच तिनं भावजयीकडं मीठ मागितलं. कमळाबाईनं कोनाड्यातलं बोटभर उंचीचं मडकं काढून दाखवलं. "वन्सं, एवढंच आहे. हे पोरीच्या अंगावर ओतू, की भातात घालू?" तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. खडवलीच्या घरात मीठ चिमटीनं वापरायची वस्तू होती. तिनं चिमूटभर दिलं. सगुणानं ते पाण्यात टाकलं, चाखलं, आणि तिला कळलं की हे काही औषध नव्हे.

तर मग नदीचंच पाणी. कमळाबाई ते कोमट करून द्यायची, सगुणा पोरीला न्हाऊ घालायची आणि कमळाबाईच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळायची. गोदा रडत नव्हती. पाण्यात हात आपटून हसायची. सगुणाला त्या हसण्याचीही धास्ती वाटायची. एक दिवस चुकला. दोन चुकले. सोनीचा तर एकच चुकला होता. ती रोज देवीपुढं जाऊन बसायची आणि म्हणायची, माझ्या हातून घागर फुटली, शिक्षा मला दे.

चौथ्या दिवशी गोदा रात्रभर निजली. सगुणा तीनदा उठून तिच्या नाकाशी बोट धरून आली. सहाव्या दिवशी खपल्या सुटल्या. नवव्या दिवशी पोरीची मान अशी निघाली की जणू तिथं कधी काही नव्हतंच. सगुणानं देवीची ओटी भरली, आणि देवळाच्या पायरीवर बसून पोटभर रडून घेतलं.

निघायच्या दिवशी तिनं गाठोड्यातून लाल झबलं काढलं. रंगूबाईनं स्वतः शिवलेलं, परत येताना घालायचं म्हणून घरी धुऊन नीट घडी करून ठेवलेलं. गाडी कल्याणात पोचायला दुपार झाली. भरतीची वाट बघत ती बंदरावर बसली होती, आणि गोदानं मान खाजवायला सुरुवात केली.

सगुणानं झबल्याचा गळा मागं सारून पाहिलं. मानेभोवती लाल कडं. काखेतही लाल. ओटीत काही राहिलं का? नवसात काही उणं पडलं? घाईघाईनं तिनं झबलं ओढून काढलं, तर ते हातात कडकड वाजलं. वाळलेलं कापड असं का वाजावं? तिनं त्याचा गळपट्टा जिभेला लावला.

खारट.

ती पोरीला उलटसुलट करून बघत राहिली. जिथं झबलं घासलं होतं तिथं लाल, आणि जिथं नुसतं टेकलं होतं तिथं काही नाही. पाठ स्वच्छ, पोट स्वच्छ. मग तिला एकेक आठवत गेलं. घागर. दुसरी घागर. झोंबतंय म्हणजे घाण बाहेर पडतेय. एवढे दिवस, रोज संध्याकाळी, तिनंच पोरीचे पाय धरले होते. देवीला शिव्या द्याव्यात की हात जोडावेत तिला कळेना. देवीनं केलं असेल तर एवढंच केलं होतं, घागर फोडली होती. सगुणानं झबलं खाडीत फेकलं आणि गोदाला मऊ लुगड्यात गुंडाळून घेतलं.

रात्री सगुणा बाळकुमला पोचली, आणि उजाडेपर्यंत पोरीची लाली उतरली होती. त्याच दिवशी, होळीच्या आदल्या दिवशी, पाच जण आले. महिपतनं हातात एक बारीक काठी आणली होती, लांबूनच बघायला. त्यानं पोरीची मान पाहिली, काख पाहिली, गुडघे पाहिले. मग काठी बाजूला ठेवली आणि गोदाला सरळ उचलून घेतलं. काखेत बोट लागताच ती खदखदून हसली.

"काय नाय. पोर झाक हाय," तो म्हणाला. पाचही जण ओटीवर बसून पाणी प्याले. राघोनं पहिल्यांदाच मान वर केली.

"खडवलीच्या देवीची किरपा," कुणीतरी म्हणालं.

"देवीची हायच," रंगूबाई म्हणाली. "पन खारं पानी बी. माज्या सुनेनं एक दिवस चुकवला नाय."

सगुणा रिकामी भांडी गोळा करू लागली. पंच गेले, राघो त्यांना पोचवायला गेला. रंगूबाई मोरीकडं वळली. तिथं भरलेली घागर होती. म्हातारी त्या दिवशी स्वतः आगरावर जाऊन घेऊन आली होती. "आन गं पोरीला. उतरलं म्हनून थांबायचं नाय, आज बी धुवू."

सगुणाला वाटलं, गप्प बसावं. देवीचं नाव झालं, पाण्याचं झालं, सगळे खूश आहेत. पण गोदा मोरीतली घागर बघून तिच्या मांडीआड लपली होती. सगुणानं जाऊन घागरीच्या गळ्याला हात घातला.

"आत्या, नको."

"काय नको?"

"घागर कल्यानलाच फुटली. एक दिवस बी धुतली नाय तिला. नदीचं पानी घातलं, आनि ती बरी झाली. परत येताना इथं धुतलेलं झबलं घातलं, तर पुन्हा उठलं." तिनं घागर मागं ओढली. "आत्या, या पान्यानंच होत होतं."

"म्हंजे मी माज्या नातीला..." रंगूबाई तावातावानं वळली, आणि तिथंच थांबली. तिच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरला आणि त्याजागी काय आलं ते सगुणाला बघवेना. म्हातारी उंबऱ्यावर बसली.

घागरीकडं बघत ती बोलली. "सोनीचा एक दिवस चुकवलेला मी. आगरावर उशीर झालेला, पानी आनायचं राहिलं. म्हनून ती गेली, असं मी राघोच्या बाला सांगितलेलं. जलमभर तेच धरून बसली मी. त्या एका दिवशी निजलेली गं ती. दुपारभर निजलेली. मना वाटलं, आता मरते. म्हनून दुसऱ्या दिवशी मी तीन घागरी ओतल्या."

सगुणा सासूच्या शेजारी जाऊन बसली. गोदा दोघींच्या मधे आली आणि आजीच्या काकणांशी खेळू लागली. रंगूबाईनं तिला हात लावला नाही. आपले दोन्ही हात तिनं पदराखाली ओढून घेतले.

मग ती उठली. घागर उचलून तिनं अंगणाच्या कडेला रिती केली आणि दोर घेऊन विहिरीकडं चालू लागली. सगुणा मागं धावली, म्हणाली, आत्या, मी आणते. रंगूबाई थांबली नाही.

ती परत आली तेव्हा घागर गोड्या पाण्यानं भरलेली होती. विहिरीवर तिनं ती तीनदा घासून धुतली, असं नंतर बायांनी सांगितलं. मोरीत गोदाला उभं करून ती पाणी ओतायला वाकली, आणि मधेच थांबली. आधी तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि स्वतः चाखून पाहिलं.