मामाच्या पुडीतली पांढरी भुकटी

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही कपडे शिवण्याच्या कारखान्यावरच्या सभागृहात उभे आहात. खुर्च्या केव्हाच संपल्या आहेत. समोर पालाबाबा हिरव्या पाल्याची चिमूट उंच धरून गर्जतोय, "जिभेवर ठेवा! दुखणं डोक्यातून मानेत उतरतं आणि पायाच्या अंगठ्यातून पळतं!" वाटेत गुडघ्यापाशी विसावा घेतं की नाही, ते बाबा सांगत नाही.

"पण डॉक्टरला सांगाल, तर पाला रुसेल!"

मग एक बाई उठते. खाली कारखान्यात कॉलर शिवणारी. "लग्नाआधीपासूनची अर्धशिशी माझी. पाला घेतला की तासाभरात उतरते." टाळ्यांचा कडकडाट!

बाई बाबाची सख्खी बहीण होती, पण खोटं बोलत नव्हती. तिला खरंच उतार पडायचा. तरी अर्धशिशीचा धसका असा, की डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीही ती घ्यायचीच.

एका दुपारी ती शिलाई यंत्रावरच कोसळली. उलटीत रक्त होतं.

"गोळ्यांबरोबर आणखी काही घेता का?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

शेजारी उभी असलेली तिची लेक भिंगरी कुजबुजली, "आई, सांग ना गं!"

"गप. मामाला शब्द दिलाय."

आईचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. भिंगरी धावत घरी गेली. पाल्याची पुडी उचलली, पण तिला राहवेना. मामा सारखं 'नुसता पाला' म्हणायचा, मग तिने एकदा चाखला, तेव्हा तो जिभेवर खडूसारखा का लागला होता? आईच्या शिवणातला मलमलीचा तुकडा वाटीवर ताणून तिने पुडी चाळली. पाला वर राहिला. खाली पांढरी भुकटी.

ती वाटी तिने डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. तपासणीत कळलं, की ती दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची भुकटी होती. आईच्या गोळीच्याच जातीची. एकच औषध दोन वाटांनी पोटात जात होतं, आणि आतून जखम झाली होती.

"पाला अस्सल असता तरी मला सांगायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झाडपाल्यातही औषध असतं. ते गोळीशी भांडू शकतं."

संध्याकाळी मामा दवाखान्यात आला. आईने विचारलं, "गोळ्या कुटून घालायचास?"

"अगं ताई, नुसत्या पाल्याने कुणाचं डोकं थांबतंय? लोकांना गुण हवा असतो."

"मी डॉक्टरची गोळी घेते, हे तुला ठाऊक होतं. मला तरी सांगायचंस!"

मामाने मान खाली घातली. "तू डॉक्टरला सांगितलं असतंस."

आई म्हणाली, "तुला लहानपणी मी कडेवर घेऊन फिरवलं रे." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

मुलांनो, जे औषध डॉक्टरपासून लपवायला सांगतात, त्यात लपवण्यासारखं काहीतरी असतंच. सांगणारा सख्खा मामा असला तरी विचारा: यात काय आहे? माझ्या गोळीबरोबर चालेल का?

पुढच्या सभेला मामाच्या आधी भिंगरीच सभागृहात पोचली. तिने आईचं काय झालं ते सगळं सांगितलं. मग विचारलं, "पाल्याबरोबर डॉक्टरांची गोळी कोण कोण घेतं?"

आधी एक हात वर झाला. मग बरेच. भिंगरी पहिल्या हाताकडे गेली. तो एका म्हाताऱ्या आजींचा होता.

"चला आजी," ती म्हणाली, "पुडी बरोबर घ्या. डॉक्टरीणबाईंना दाखवू."