मोकळा कप्पा

डिंकाचा एक थेंब, ठोकळ्याच्या कडेला सुकलेला, पिवळसर... तिने नखाने खरवडून पाहिला, निघेना. म्हणजे पक्का चिकटवलाय. टेबलावरच्या लाकडी नमुना-जहाजाच्या मागच्या भागातला तो कप्पा, आणि त्यात घट्ट बसलेला केबिनींचा ठोकळा. बाकीचे ठोकळे – बोटींचा, दवाखान्याचा, सुरुंग शोधणाऱ्या यंत्रांचा – शेजारच्या डब्यात पडून होते. सगळे एका मापाचे. एक काढायचा, दुसरा बसवायचा. या नव्या फ्रिगेट युद्धनौकांची सगळी मदार त्यावरच होती. सांगाडा एकच, काम पडेल तसं आतलं सामान बदलायचं. आणि अधल्यामधल्या वेळी कप्पा मोकळा ठेवायचा, हा तिचा हट्ट, ज्याच्यापायी आराखडा विभागात तिला सगळे रिकामटेकडी म्हणत, तोंडावरसुद्धा.

सुतारकाका दारातच अवघडून उभे होते. गोदीतून हातगाडीवर आणताना ठोकळे सारखे बाहेर पडत होते, म्हणून हाताला लागला तो चिकटवून टाकला, असं ते दोनदा सांगून झाले होते. रागवायचं तरी कोणत्या तोंडाने... मागच्या वेळी एक ठोकळा हरवला तेव्हा मीच त्यांना नको नको ते बोलले होते.

आराखडा मंजूर करणारी समिती आली, खुर्च्या सरकल्या. मुख्य अभियंत्यांना मोकळं फडताळ बघवत नसे. त्यांच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावरही फायली होत्या. ते जहाजाभोवती एक फेरी मारून आले आणि कप्प्यापाशी थांबले.

"बसलंय की छान. आता कशाला हलवायचं?"

दोघेतिघे हसले. नौदलाचे अधिकारी हसले नाहीत. खलाशी एकावर एक तीन बिछान्यांत झोपतात, केबिनी कायमच्या मिळाल्या तर हव्याच आहेत, असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि यात खोटं काय होतं? तिलाही ते पटत होतं, तीच तर पंचाईत. केबिनींना तिने वर, पुढच्या बाजूला जागा काढून दिली होती – थोडी, पुरेशी नव्हे. पण इथे एकदा भिंती जोडल्या की त्या कोणी तोडत नाही. तोडतच नाही...

'जागाच नव्हती गं, ताई.'

तिचा नौदलातला धाकटा भाऊ बुटांच्या नाड्या सोडत होता तेव्हा. त्याचं जहाज जुनं, पाणबुड्या शोधण्यापुरतं बांधलेलं. वादळानंतर किनाऱ्यावरची माणसं उचलायला त्यालाच पाठवलं. मूळ आराखड्यात मागे एक मोकळी जागा होती म्हणे, पण वर्षांच्या ओघात तिथे कपाटं आली, रंगाची पिंपं आली, सगळं लोखंडाला जोडून पक्कं. पाण्यातून काढलेली माणसं बोळांत निजवली, उरलेली उघड्या डेकवर, वाऱ्यात. त्यातली एक म्हातारी त्याच्या मांडीवर होती... एवढं सांगून तो थांबला. आणि तिने, थोरल्या बहिणीने काय केलं? चहा टाकू का, विचारलं. तेव्हापासून तो गप्प झाला की ती बोलत सुटते, विजेचं बिल, शेजारच्यांचं कुत्रं, जे सुचेल ते. त्याचं दुःख ऐकायची तिला भीती वाटते.

"मग हेच पक्कं समजायचं?" मुख्य अभियंत्यांनी पेनाचं टोपण काढलं.

नाही. तिने पोलादी पट्टी उचलली आणि फटीत घातली.

"अहो, तुटेल ते."

"तुटू दे," ती म्हणाली आणि पट्टी आणखी आत रेटली. सुतारकाकांनी डोळे मिटून घेतले. कडकन आवाज झाला. ठोकळा निघाला, आणि त्याच्याबरोबर जहाजाच्या पाठीची एक ढलपीही.

"ही जागा ज्यांच्यासाठी आहे," ती म्हणाली, "ती माणसं कोण, हे आज आपल्याला ठाऊक नाही. म्हणून ती मोकळी राहील. नाहीतर आराखड्यावर माझी सही मिळणार नाही."

मुख्य अभियंत्यांनी टोपण परत लावलं आणि उद्या बघू म्हणाले. उद्या कदाचित ते तिच्या सहीवाचूनही पुढे जातील; तसं झालं तर ती परवा पुन्हा येऊन भांडेल, इतकं साधं होतं ते.

खोली रिकामी झाली. सुतारकाका ढलपी शोधायला टेबलाखाली वाकले होते. खरबरीत, डिंकाळलेल्या कप्प्यात तिने बोट फिरवलं, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांशी भांडताना न सुचलेलं काहीतरी तिच्या लक्षात येऊ लागलं... संध्याकाळी धाकटा नेहमीसारखा समोर येऊन बसेल, नाड्या सोडील, गप्प होईल. जिभेवर येईल बिल, कुत्रं, चहा. येऊ दे. आज मी काहीच बोलणार नाही.