रिकाम्या खोक्यावरची हिरवी पुडी

आज सकाळपासून भिंतींना घाम सुटला आहे. बाहेर पाऊस आहे, पण त्याला पाऊस म्हणावं असाही तो नाही. नुसतं पाणी हवेत लोंबकळतं आहे. आमच्या कीलुंग बंदरात छत्र्या वाळत नाहीत. दोरीवरचे मोजे दुसऱ्या दिवशीही ओले, आणि कोपऱ्यातलं हवा सुकवणारं यंत्र दमेकऱ्यासारखं घुरघुरत असतं. त्याची बादली भरली की घरातले म्हातारे चिएन काका ती मोरीत ओततात आणि पुन्हा लावतात. अशा हवेत लोखंडाने तोंड उघडू नये, गंज आत जातो. पण आज बोलतो. गप्प बसून काय मिळवलं?

मी एक लोखंडी खोका. ज्यात कॉम्प्युटरचं सगळं सामान बसवतात, तो. मला अक्षरओळख नाही. कानावर पडलं आणि समोर घडलं, तेवढंच मला ठाऊक.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं. पहिली नोकरी केली ती एका छापखान्यात. लग्नपत्रिका, देवळाच्या उत्सवाचे फलक, भाताच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या पोटातून गेलं. पंखा फिरायचा, मी तापायचो, संध्याकाळी हळूहळू निवायचो. त्या निवण्यात काय सुख होतं म्हणून सांगू! पुढे छापखाना बंद पडला. मालकाने माझं एकेक आतडं काढून विकलं, आणि मी जुन्या बाजारात भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

तिथे पो-हेंगने मला पाहिलं. हा चिएन काकांचा मुलगा, बंदरावरच्या कचेरीत नोकरीला. त्याने माझं पोट उघडून आत बोटं फिरवली आणि म्हणाला, “सहा डिस्क आरामात मावतील!” पाऊस होता म्हणून स्वतःचा रेनकोट काढून त्याने मला गुंडाळलं, आणि स्वतः भिजत स्कूटरवरून मला घरी आणलं. अशा माणसाला वाईट कसं म्हणू? मन चांगलंच आहे त्याचं. हात तेवढा पुढे होत नाही.

काम काय होतं, तर घरचा सर्व्हर बनवायचा. घरातली सगळी चित्रं, सिनेमे, गाणी एका ठिकाणी ठेवायची आणि कोणत्याही खोलीत बघायची. पण या साऱ्याचं मूळ होतं काकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. काका जहाजाच्या इंजिनावर कामाला होते, तेव्हा एका फेरीत कॅमेरा घेऊन आले होते. एका कॅसेटमध्ये खिडकीतून दिसणारी बंदरातली बोट आहे, आणि मागे, स्वयंपाकघरातून, आ-लुआन काकू ओरडतात, “या रे जेवायला! सूप निवतंय!” काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. फोटो आहेत, पण बोलणं तेवढंच उरलं आहे. घरातलं कॅसेट लावायचं यंत्र केव्हाच बिघडलं. काकांना ती हाक पुन्हा एकदा ऐकायची होती. बस्स, एवढंच.

बाजारातला एक दुकानदार कॅसेटवरचं काढून द्यायला तयार होता. पो-हेंग म्हणाला, “आधी ठेवायला नीट जागा तर होऊ दे.”

आणि मग सुरू झाली आखणी.

चार डिस्क घ्याव्यात की सहा? एक मेली तर बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं, की दोन मेल्या तरी चालावं? जेवताना चॉपस्टिकने तो टेबलावर तारांचे मार्ग काढायचा. नवं काहीतरी पुढच्या महिन्यात येणार असायचं, म्हणून थांबायचं. ते आलं की त्याच्या तक्रारी यायच्या, म्हणून पुन्हा थांबायचं. मध्येच कळलं की घरातल्या तारा जुन्या, त्यातून वेग मिळणार नाही. मग भिंती फोडून नव्या तारा ओढायचा बेत.

“वेग कमी पडला तर चित्र अडखळतं, बाबा.”

काका भात चिवडत म्हणाले, “तुझी आई गुडघे धरून चालायची. तिला कशाला रे एवढा वेग?”

पो-हेंग हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी तिथेच होतो, टीव्हीशेजारी, पोट उघडं टाकून.

माझ्या डोक्यावर त्याने पहिल्याच दिवशी हिरवी पुडी ठेवली होती. आमच्याकडे ही रीतच आहे. मक्याच्या कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी यंत्रावर ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हट्ट करत नाही. इस्पितळात ठेवतात, बँकेत ठेवतात. पुडी हिरवीच हवी, कुणी खायची नाही, आणि तारीख उलटू द्यायची नाही. पो-हेंग या बाबतीत फार काटेकोर. तारीख संपत आली की नवी पुडी हजर. मी एकदाही चालू झालो नाही, पण माझा नैवेद्य कधी शिळा झाला नाही!

मग एकदा स्वस्तात मिळाल्या म्हणून तो दोन डिस्क घेऊन आला. मला वाटलं, आलं माझं नशीब उजाडायला. पण तो म्हणाला, “बाकीच्या येईपर्यंत या दमट हवेत खराब होतील.” घरात काचेच्या दाराचं एक कोरडं कपाट आहे, विजेवर चालणारं. त्यात काकांचा कॅमेरा आणि कॅसेट असायच्या. पो-हेंगने कॅसेट बाहेर काढल्या, डिस्क आत ठेवल्या, आणि कॅसेट चंद्रोत्सवाच्या केकच्या पत्र्याच्या डब्यात भरून स्वयंपाकघरातल्या फळीवर चढवल्या. भात शिजतो त्याच्या बरोबर वर.

“थोडेच दिवस, बाबा.”

मला फळी दिसत होती. रोज वाफ वर जायची आणि डब्याच्या झाकणाला भिडायची. ओरडावंसं वाटायचं. पण आतडी नसलेल्याला आवाज कुठला? कोऱ्या डिस्क कोरड्यात बसल्या होत्या, आणि भरलेल्या कॅसेट वाफेत. माणसांचं हे गणित मला अजून कळलेलं नाही.

या वसंतात काकांनी डबा उतरवला. आत पांढरी बुरशी, कापूस पिंजून भरल्यासारखी. काकांनी एक कॅसेट शर्टाच्या बाहीने पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. पो-हेंग शेजारी उभा होता, चेहरा भिंतीसारखा पांढरा.

“राहू दे,” काका म्हणाले. “तुला कामं असतात.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकानदाराने सगळं धुऊन, पुसून पाहिलं. बाकीच्या कॅसेट गेल्या. हाकेच्या कॅसेटमधलं बोटीचं चित्रही गेलं, पण आवाजाचा जरासा तुकडा हाती लागला. बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राइव्हच्या काडीत तो भरून आज दुपारी पो-हेंगने घरी आणला. काकांनी काडी तळहातावर घेतली आणि मूठ मिटली.

तेवढ्यात समोरच्या दारातल्या खिम मावशी माशांच्या गोळ्यांचं सूप घेऊन आल्या. बाजारात त्यांची गाडी आहे. आ-लुआन काकूंची मैत्रीण. या घरात त्या दार वाजवत नाहीत.

“मिळाली का रे हाक?”

“मिळाली, मावशी,” पो-हेंग म्हणाला. “पण बाबा, इतक्यात लावू नका हं. या एकाच काडीवर भरवसा नको. आता मी वेळ घालवत नाही, चार डिस्क घेतो, तार ओढून घेतो, मग मोठ्या स्पीकरवर नीट—”

काकांनी मान डोलावली. मूठ तशीच मिटलेली. ते आणखी वाट बघायला तयार होते, आणि त्याचाच मला संताप आला. अरे, माझं एवढंच मागणं आहे बाबांनो: माझ्यात एकच डिस्क घाला, जुनी घाला, माझा पत्रा वाजला तर वाजू दे. हाक केवढीशी असते! तिला ना मोठी जागा लागते, ना वेग. मी सहा घरं रिकामी घेऊन बसलो आहे, एक घर भरलं तरी माझा जन्म सार्थकी लागेल.

माझं कुणी ऐकत नाही. पण खिम मावशींनी सुपाचं भांडं टेबलावर आपटलं, माझ्याकडे आल्या, डोक्यावरची हिरवी पुडी उचलली आणि टर्रकन फाडली. पो-हेंग किंचाळलाच, “मावशी! ती खायची नसते!”

मावशींनी मूठभर खाऊ त्याच्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, “खा मुकाट्याने. खोका बिचारा गुणाचाच आहे, पुडीची गरज तुला होती. आणि ती काडी टीव्हीला लाव आधी. आ-लुआन कधीची जेवायला बोलावतेय.”