आखाजीचा बार

बेबाबाईने शेताच्या कडेची चार ढेकळं उचलून पदरात घेतली, तशा तिच्या आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. धुळ्याच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, डोळ्यांवर चष्मा, अंगावर इस्त्रीचं पातळ, आणि पदरात ढेकळं. कमलबाईने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि मग पुढे होऊन म्हणाली,

"बाई, तुम्ही कशाला? ऊन लागेल तुम्हाला."

कमलबाई आणि ती एकाच गल्लीत वाढलेल्या, एकमेकींच्या झिंज्या उपटत. आता कमलबाई तिला ‘तुम्ही’ म्हणत होती, आणि तेही शब्द जुळवून जुळवून, साहेब दारात आल्यासारखं.

"असू दे गं. मलाही खेळायचंय," बेबाबाई म्हणाली.

कमलबाई कसनुसं हसली आणि दोन पावलं बाजूला सरली. बेबाबाईच्या भोवती जागा मोकळी झाली.

ते चौतीस साल. अधिक महिन्यामुळे आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, लांबून मेच्या सुट्टीत आली होती. एरवी ती नेमकी परीक्षांच्या दिवसांत यायची आणि बेबाबाईचं माहेर राहून जायचं. एकदा राहिलं, दोनदा राहिलं, मग राहण्याचीच सवय झाली. यंदा मात्र तिने पंचांग पाहून दिवाळीपासूनच ठरवून टाकलं होतं, आणि नवऱ्याने कारण विचारलं तेव्हा आखाजीला माहेरी बांधतात त्या झोपाळ्याचं नाव सांगितलं होतं. झोपाळा काय, धुळ्यातही होता. तिला हवा होता तो बार.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई नदीत सोडायची आणि मग बार खेळायचा, ही त्या दोन गावांची जुनी रीत. वैशाखात गिरणेला पाणी ते केवढं, वाळूतून वाहणारी एक धार. धारेच्या अलीकडे या गावच्या माहेरवाशिणी, पलीकडे त्या गावच्या. इकडून तिकडे शिव्या, तिकडून इकडे शिव्या, मधूनमधून ढेकळं. वर्षभर सासरी मान खाली घालून राहिलेल्या बायका त्या दिवशी तोंडाचा पट्टा सोडत, आणि पुरुष शहाण्यासारखे घरात बसत. शिवी मोघम द्यायची नाही, नाव घेऊन द्यायची. तिचं नाक, तिची भाकरी, तिचा नवरा, तिचा बाप, काही सोडायचं नाही. आणि जिचं नाव पलीकडून घेतलं गेलं, ती गावाची लेक. एखादी बाळंत असली, आजारी असली, तरी पलीकडच्या तिची आठवण काढून तिच्या नावाची शिवी अलीकडच्यांच्या हवाली करायच्या, घरी नेऊन पोचवा म्हणून.

या बारात एके काळी बेबीसारखी पोर नव्हती. परकरातली असताना ती पुढे उभी राहायची, आणि पलीकडून तिच्या तोडीची एकच, भिकी. दोघी सुरू झाल्या की बाकीच्या ढेकळं खाली ठेवून नुसत्या ऐकत बसायच्या. तिचा असाच एक बार ऐकून गावच्या शाळेचे मास्तर तिच्या वडिलांकडे गेले होते. पोरीची जीभ अशी चालते, तर शिकली म्हणजे काय करील, असं म्हणाले होते. वडिलांना ते पटलं. मास्तरीण होण्यासाठी पुढे ती धुळ्याला शिकायला गेली आणि पहिल्याच दिवशी तोंड उघडलं तेव्हा तिची गावची बोली ऐकून सगळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी महिने ती कामापुरतंही बोलली नाही. बोलायला लागली ती स्वच्छ, घासूनपुसून घेतलेलं. आता ती स्वतःच शेतकऱ्यांच्या मुलींच्या तोंडून ‘शे’ आणि ‘व्हयनं’ काढून तिथे ‘आहे’ आणि ‘झालं’ बसवायची आणि त्या कामात ती हुशार समजली जायची.

ताईबाईने, तिच्या चुलतीने, कमरेला पदर खोचून पहिली शिवी फेकली आणि बार लागला. पलीकडून लगेच उत्तर आलं. भिकीची आता चांगली भिकुबाई झाली होती, अंगाने भरलेली, पण आवाज तोच, नदी ओलांडून कानात शिरणारा. तिने ताईबाईचे उरलेले दात मोजले. मग कमलबाईकडे वळून तिच्या नवऱ्याच्या मिशा कोणत्या बोकडाच्या, ते विचारलं. कमलबाई पोट धरून हसली आणि तिनेही भिकुबाईच्या सासऱ्याला सोडलं नाही. रांगेने एकेकीचं नाव येत होतं. बेबाबाईने पदराची गाठ घट्ट धरली. अशी ती शाळा तपासायला साहेब आले तेव्हाही घाबरली नव्हती.

भिकुबाईची नजर तिच्यावर आली. तोंड उघडलेलं होतं, ते मिटलं. मग भिकुबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि नमस्कार केला. तिच्यामागच्या पोरींनीही हातातली ढेकळं खाली टाकून नमस्कार केला. पुढची शिवी बेबाबाईला ओलांडून शेजारणीवर गेली.

बेबाबाईला भर उन्हात गार वाटलं. आपणच सुरुवात करावी म्हणून ती धारेपर्यंत पुढे गेली. एके काळी न शोधता तोंडात येणारं सगळं तिने आत धुंडाळलं. बायका दोन्हीकडून वाट पाहत होत्या.

"भिकुबाई," ती म्हणाली, "बऱ्या आहात ना?"

कोणी हसलं असतं तरी तिला चाललं असतं. कोणी हसलं नाही. "बरी शे, बाई," भिकुबाई खाली मान घालून म्हणाली. त्यानंतर बारात जीव राहिला नाही. परक्या माणसासमोर भांडावं तशा बायका हळू बोलू लागल्या आणि थोड्याच वेळात गौराईची रिकामी ताटं उचलून परतल्या.

"चाल माय, घर चाल," ताईबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली.

"काकी, तिने माझं नाव का घेतलं नाही?"

"तुले कशी शिवी देवावं? तू मोठी व्हई गयी. मान देतस तुले बठ्ठ्या."

ताईबाईने हे कौतुकाने सांगितलं होतं. अलीकडच्या सगळ्या काठ चढून गेल्यावर बेबाबाईने पदरातलं एक ढेकूळ काढलं आणि पलीकडे जाणाऱ्या पाठींच्या दिशेने फेकलं. हाताची सवय गेलेली. ढेकूळ धारेतच पडलं. त्याच्या आवाजाने सगळ्यांत मागे असलेल्या भिकुबाईने वळून पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि ती गेली.

घरी भावाने, सुकदेवने, तिच्यासाठी पाटलांकडून खुर्ची मागून आणली होती. बाकीचे खाली बसले आणि ती खुर्चीवर. भावजयीने खापरावरचे पुरणाचे मांडे केले होते. बेबाबाईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची रोजची भाकरी मागितली, तर भावजय अशी ओशाळली की जणू घरातलं उणं कोणी चव्हाट्यावर आणलं. "अक्का, आपणांस ते पचणार नाही," सुकदेव म्हणाला. हे ‘आपणांस’ त्याने कुठून पैदा केलं होतं कोण जाणे. तिने मुकाट्याने मांडे खाल्ले. चांगले झाले होते. पण प्रत्येक घासाला ती पाणी पीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेवने गाडी जुंपली. पाचोऱ्याहून आगगाडीने चाळीसगाव आणि तिथून धुळं. गाडीत गोणपाटावर चादर अंथरली होती. बेबाबाई छत्री उघडून बसली. सुकदेवला आगगाडी चुकायची धास्ती, तो बैलांना सारखा दामटत होता. रस्ता काही अंतर नदीच्या काठाकाठाने जातो. पुढच्या आखाजीला यायचं कशाला, असं तिच्या मनात येत होतं. धार दिसू नये म्हणून तिने छत्री त्या बाजूला कलती केली.

"का वं बेबी!"

तिने छत्री वर केली. पलीकडच्या काठावर धुणं आपटायच्या दगडापाशी भिकुबाई उभी होती, एकटीच, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, हातात पिळलेलं धोतर.

"ढेकूय मारस आनि पयी जास? छत्री लिसन बठनी, जशी कलेक्टरनी म्हैस. डोयास्वर काच लायीसन बी तुले मी दखायनी नई का वं?"

सुकदेवचे कान लाल झाले. "अक्का, आपण लक्ष देऊ नका. अडाणी बाई आहे," तो म्हणाला आणि त्याने आसूड उचलला.

"तुना नवराले काय खडूनी भाकर करी घालस का? सुकी काडी व्हई गया व्हई तो. तुना बापनी तुले शायामा घालं, तव्हयपाईन आमना गावले सुखनी झोप लागस."

बैल चार पावलं पुढे गेले. बेबाबाईने छत्री मिटली. डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचांवर उतरलं होतं. तिने चष्मा काढून चादरीवर ठेवला आणि मागून सुकदेवच्या दंडाला धरलं.

"थांब रे सुक्या," ती म्हणाली. "आमनं आजून व्हयनं नई."

सुकदेवने वळून बहिणीकडे पाहिलं. ती गाडीतून उतरली होती आणि काठाच्या कडेला जाऊन पदर कमरेला खोचत होती. पलीकडे भिकुबाईने पिळलेलं धोतर दगडावर टाकलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ती गप्प राहिली, कारण आता पाळी अलीकडची होती.

सुकदेवने एकदा पाचोऱ्याच्या रस्त्याकडे पाहिलं. मग तो खाली उतरला, बैलांच्या मानेवरचं जू काढलं आणि त्यांना बाभळीच्या सावलीला नेऊन बांधलं.